भिंतीवर कोरलेला कुलवृत्तांत : तंजावरचे सरफोजी राजे

आमचे मूळ पुरुष एकोजी राजांच्या फौजेबरोबर तंजावरास आले, अशी आमच्या घरची परंपरागत समजूत. तंजावरच्या मराठी घरांतून अशी समजूत नसेल असे घर विरळाच. प्रत्येकाचा मूळ पुरुष एकोजींच्या घोड्याच्या मागेपुढेच कोठेतरी होता. मग राज्यात कारकून, पुराणिक, कीर्तनकार आणि स्वयंपाकी कोण होते, व ते केव्हा आले, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काही लिहावे अशी संपादकांची आज्ञा झाली, तेव्हा ज्या राजाने आपल्या घराण्याचा इतिहास चक्क देवळाच्या भिंतीवर कोरून ठेवला, त्याचेच चरित्र सांगावे असे आम्ही ठरविले. मराठी माणसाला कुलवृत्तांताची हौस मोठी. गेल्या शतकात किती आडनावांचे जाडजूड कुलवृत्तांत छापले गेले! परंतु ह्या सर्वांच्या आधी, १८०३ साली, मराठी मुलखापासून शेकडो कोस दूर, तमिळ देशातील एका शिवालयात एक कुलवृत्तांत दगडावर उतरला. तो उतरविणारे सरफोजी राजे हे त्या कुळात जन्माने नव्हे, तर दत्तविधानाने आलेले होते, आणि ते दत्तविधानच वादग्रस्त ठरले होते.

तंजावरच्या भोसले घराण्याची पूर्वपीठिका थोडक्यात सांगणे अवश्य आहे. शहाजीराजांना तुकाबाईंपासून झालेले पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी, म्हणजे शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, ह्यांनी १६७६च्या सुमारास तंजावर घेतले. पुढच्याच वर्षी छत्रपती दक्षिण दिग्विजयास उतरले व कोलेरून नदीच्या काठी दोघां भावांची गाठ पडली. त्या भेटीत वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून जे कडूगोड झाले ते प्रसिद्ध आहे. एकोजींमागे त्यांचे तीन पुत्र शहाजी, पहिले सरफोजी व तुकोजी हे क्रमाने गादीवर आले. त्यानंतर मात्र घराण्यास दृष्ट लागली. तुकोजींचे पुत्र दुसरे एकोजी वर्षभरात वारले, त्यांच्या पत्नी सुजानबाईंनी काही काळ कारभार पाहिला, आणि मग आपण पहिल्या सरफोजींचे पुत्र आहोत असे सांगणारा एक पुरुष पुढे आला. लोक त्यास काट्टुराजा, म्हणजे रानातला राजा, म्हणत. तो खरा की तोतया ह्याचा निकाल कागदांनी नव्हे, तर किल्लेदाराच्या मर्जीने लागत असे. १७३९मध्ये त्यास दूर सारून प्रतापसिंह गादीवर आले. तेही विवाहित राणीचे पुत्र नव्हेत असा आक्षेप होताच. कोण कोणाचा पुत्र, हा प्रश्न ह्या राजवाड्यात नुसत्या वंशावळीचा नव्हता, तर त्यावर राज्य जात-येत असे, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हकीकत नीट समजेल.

प्रतापसिंहांचे पुत्र तुळजाजी राजे. त्यांचे राज्य अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या साहाय्याने १७७३ साली बळकाविले व १७७६ साली त्यांस ते परत मिळाले. ह्या धक्क्यातून ते सावरले नाहीत. अपत्ये डोळ्यांदेखत गेली, प्रकृती ढासळली. १७८७च्या प्रारंभी त्यांनी भोसल्यांच्या एका दूरच्या शाखेतील मुलगा दत्तक घेतला. त्याचा जन्म २४ सप्टेंबर १७७७चा. म्हणजे वय नऊ वर्षे पुरी. त्याचे नाव सरफोजी ठेविले. दत्तविधानानंतर थोड्याच दिवसांत तुळजाजी निवर्तले. मृत्युशय्येवर त्यांनी डॅनिश मिशनचे जर्मन पाद्री श्वार्ट्झ ह्यांस मुलाचे पालकत्व पत्करण्याची विनंती केली. श्वार्ट्झ ह्यांनी एकट्याने ती जबाबदारी घेण्याचे नाकारून राजाचे सावत्र बंधू अमरसिंह ह्यांच्याकडे कारभार सोपवावा असे सुचविले. ह्या सल्ल्याचा पुढे त्यांस पश्चात्ताप झाला असावा असे मानण्यास जागा आहे.

कारण अमरसिंहांनी लवकरच कारभारी न राहता राजा होण्याचा हक्क सांगितला. मद्रासचे गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कॅम्बेल ह्यांनी पंडितांची मते घेतली. पंडितांनी दत्तविधान असिद्ध ठरविले. कारणे तीन: दत्तक घेताना राजाचे चित्त स्थिर नव्हते, मुलाचे वय दत्तकास योग्य मर्यादेपलीकडचे होते, आणि तो आपल्या जनकाचा एकुलता एक पुत्र होता. धर्मशास्त्राची पोथी उघडून पाहिली तर ह्या आक्षेपांस आधार नाही असे म्हणता येत नाही. मात्र पोथीत उलट पक्षाचीही वचने आहेत, आणि कोणते पान कोणत्या वेळी उघडते हे नेहमी शास्त्रावरच अवलंबून असते असे नाही. कंपनीने अमरसिंहांस गादी दिली. त्या पंडितांस द्रव्य चारले होते, असा आरोप पुढे झाला.

दहा वर्षांचा हा मुलगा आता ना जनक घरचा, ना दत्तक घरचा. त्यास वाड्यात कोंडल्यासारखे ठेविले. शिकविण्याची व्यवस्था नाही, खोलीत पुरेसा उजेडदेखील नाही. श्वार्ट्झ ह्यांनी मद्रास सरकारकडे वारंवार तक्रारी केल्या. शेवटी १७९३मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या विधवा राण्या ह्यांस मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या पाद्र्यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजीवर त्यांचे प्रभुत्व चांगलेच जमले. इकडे गादीचा प्रश्न पुन्हा निघाला. ह्या वेळी बंगाल व काशी येथील पंडितांची मते मागविली गेली व ती दत्तविधानाच्या बाजूने पडली. ह्या कामी श्वार्ट्झ ह्यांनी केलेले लिहिणे मोठे होते; परंतु आपल्या शिष्यास गादीवर बसलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. फेब्रुवारी १७९८मध्ये ते वारले. सरफोजी अंत्यदर्शनास आले, रडले, आणि प्रेतावर त्यांनी आपल्या हाताने वस्त्र घातले. जूनअखेर ते गादीवर बसले. अमरसिंहांस नेमणूक देऊन तिरुविडैमरुदूर येथे ठेवण्यात आले.

राज्य मिळाले ते जावयासाठीच. ऑक्टोबर १७९९च्या तहाने तंजावरचा सर्व मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. राजास दरसाल एक लाख होन व निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा मिळावा, आणि सत्ता तेवढी तंजावरच्या किल्ल्यात चालावी, असे ठरले. बाविसाव्या वर्षी सरफोजी राजे अशा एका राज्याचे धनी झाले, ज्यात राज्य करणे शिल्लकच नव्हते. इतर संस्थानिकांनी अशा स्थितीत काय केले ते आपणांस ठाऊक आहे. सरफोजींनी जे केले त्यामुळे आज दोनशे वर्षांनंतर आपण त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

तहानंतर चारच वर्षांनी, शके १७२५च्या मार्गशीर्षात, म्हणजे १८०३च्या डिसेंबरात, बृहदीश्वराच्या देवळातील तो लेख पुरा झाला. भोसले वंशाचे चरित्र, भाषा मराठी, लिपी बाळबोध, रचनाकार राजांचे चिटणीस बाबूराव. प्राकाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीवर ओळीमागून ओळ, शिळेमागून शिळा असा हा मजकूर चालतो. जगातील अत्यंत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना करतात. आम्ही प्रथम गेलो तेव्हा बरोबरच्या मुलांनी तो वाचावयास उत्साहाने आरंभ केला. पहिल्या दोन शिळा झाल्यावर त्यांना विमानाची सावली आठवली, हे खरे. परंतु तमिळ मुलखाच्या मध्यभागी, चोळांच्या देवळात, आपली भाषा अशी पानेच्या पाने दगडावर पाहिली म्हणजे मनास जे होते ते शब्दांत सांगणे कठीण आहे.

ह्याच देवळाची भिंत का, ह्याचे उत्तर देवळातच आहे. राजराज चोळाने इ. स. १०१०च्या सुमारास हे देऊळ पुरे केले व त्याच्या जोत्यावर, भिंतींवर तमिळ लेख कोरविले. कोणी किती सोने दिले, दिव्यांसाठी कोणी किती मेंढ्या नेमून दिल्या, आणि देवळात नृत्य करणाऱ्या चारशे स्त्रियांची नावे व त्यांच्या राहण्याच्या घरांच्या जागादेखील तेथे नोंदविल्या आहेत. ह्या देशात हिशेब आणि वंश ही दोन्ही दगडावर लिहिण्याची रीत होती. मराठी मुलखात घराण्याचा इतिहास बखरीत लिहीत, रुमालात बांधून माळ्यावर ठेवीत. सरफोजींनी मजकूर माहेरचा घेतला आणि रीत सासरची. परमुलखात सव्वाशे वर्षे राहिलेल्या घराण्यास हेच शोभले.

आता ह्या लेखाची योग्यता काय, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. वाड्यातील दप्तर, जुन्या बखरी आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी ह्यांची ही गुंफण आहे, हे वाचताना जाणवते. जेथे दप्तर हाताशी आहे तेथे लेख बोलका आहे. जेथे केवळ आठवण आहे तेथे सनांचा घोळ आहे. बाबाजी, मालोजी, शहाजी ह्या अलीकडच्या पिढ्यांत तंजावरची वंशावळ इतरांशी जुळते. बाबाजींच्या पलीकडे गेले की तंजावरची यादी निराळी आणि साताऱ्याकडच्या बखरींची निराळी. जवळच्या तीन-चार पिढ्यांपलीकडे कोणत्याही घराची आठवण अशीच धुरकट होते, मग ते घर राजाचे का असेना. ह्या कारणाने काही इतिहासकारांनी लेखाची फार उपेक्षा केली. आम्हांस ती अवाजवी वाटते. तंजावरच्या घराण्याविषयी त्या घराण्याचाच आवाज ऐकावयाचा तर दुसरे इतके सलग साधन कोणते आहे?

परंतु अधिक महत्त्वाची गोष्ट सनावळीची नाही. ज्या मनुष्याचे कुळातील स्थान पंडितांनी एकदा नाकारले व दुसऱ्यांदा मान्य केले, त्याने गादी मिळाल्यावर सहा वर्षांच्या आत कुळाची सबंध हकीकत, स्वतःपर्यंत आणून, अशा जागी कोरविली की जेथून ती कोणास खोडता येऊ नये. राज्य गेले होते, फौज गेली होती. राहिली होती ती वंशातील जागा, आणि तीच त्यांनी दगडावर पक्की केली. अमरसिंहांची बाजू सांगणारा असा लेख बृहदीश्वराच्या भिंतीवर नाही. ती ज्यास पाहावयाची असेल त्याने मद्रासच्या सरकारी दप्तरातील कागद काढावेत. कुलवृत्तांत नेहमी जो घरात राहतो तो लिहितो. जो घराबाहेर पडतो त्याची हकीकत दुसऱ्याच्या दप्तरात सापडते. सरफोजींविषयी आम्हांस नितांत आदर आहे, तरी हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्यांच्या इतर कार्यावर स्वतंत्र ग्रंथ होतील, व झालेही आहेत. नायक राजांच्या काळापासून चालत आलेला पोथ्यांचा संग्रह त्यांनी इतका वाढविला की सरस्वती महाल हे नाव आज त्यांच्याच नावाशी जोडले जाते. युरोपीय भाषांतील चार हजारांवर ग्रंथ त्यांनी मागविले, आणि पुष्कळांवर त्यांची इंग्रजी सही आहे. वाड्यात छापखाना घातला व त्यात देवनागरी खिळ्यांनी ग्रंथ छापविले. इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर तेथे १८०६ साली निघाले, म्हणजे पुण्या-मुंबईस मराठी छपाई रुळण्याच्या पुष्कळच आधी. जगाचा भूगोल मराठी पद्यनाट्यात सांगणारे देवेंद्र कुरवंजी त्यांचेच. कुरवंजी हा प्रकार तमिळ, भाषा मराठी, आणि विषय पृथ्वीवरील खंडे व देश. ह्या मिश्रणाची मौज तंजावरकरांनाच कळेल. धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यकाचे प्रयोग चालत. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे, त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, अद्याप जपून ठेवलेली आहेत. समुद्रकाठचा मनोरा हा मात्र नेपोलियनवरील इंग्रजांच्या विजयाचे स्मारक आहे. तो पाहताना आम्हांस दर वेळी थोडे अवघडल्यासारखे होते.

१८२० साली राजे काशीयात्रेस निघाले. बरोबर सुमारे तीन हजार माणसांचा परिवार होता. काशीत त्यांनी पोथ्या मिळविल्या, घाटांची चित्रे काढविली, आणि ह्या त्रिस्थळी यात्रेवर मराठीत लावण्याही रचल्या गेल्या. तीर्थाच्या ठिकाणी जो जाई तो आपल्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडे उतरे, आणि उपाध्याय आपली वही पुढे करीत. नाव, बाप, आजा, भाऊ, पुत्र, मूळ गाव, सध्याचा मुक्काम, इतके त्या वहीत यात्रेकरू आपल्या हाताने लिही. काशी, गया, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील ह्या वह्या म्हणजे मराठी घरांची खरी जनगणना होय. ह्यांत फुशारकीला जागा थोडी; कारण आजोबांचे नाव खोटे सांगितले तर पिंड कोणाला पोहोचणार?

सरफोजी राजे ७ मार्च १८३२ रोजी वारले. त्यांचे एकुलते एक पुत्र शिवाजी राजे १८५५ साली पुत्रावाचून निवर्तले. रेसिडेंट फोर्ब्स ह्यांनी मुलीचा वारसा मान्य करावा अशी शिफारस केली होती. ती डलहौसींच्या सरकारने फेटाळली व राज्य, म्हणजे राज्याचे उरलेले नाव, खालसा झाले. वाड्यातील खाजगी चीजवस्तूही जप्त झाली. थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला. तो मद्रासच्या कोर्टात जिंकला गेला व १८५९ साली प्रिव्ही कौन्सिलात हरला गेला. तरीही १८६२ साली सरकारने ती मालमत्ता कुटुंबास परत दिली. पुस्तकालय १९१८ साली लोकांसाठी खुले झाले. ज्या घराण्यात एका मुलाचे दत्तविधान दोन वेळा तपासले गेले, त्याच घराण्यात शेवटी मुलीचा वारसा एकदाही नीट तपासला गेला नाही.

वाड्यातील मोडी दप्तराचे शेकडो रुमाल मागे राहिले. त्यांतील काही सरस्वती महालात, काही तंजावरच्या तमिळ विद्यापीठात, तर काही मद्रासच्या सरकारी दप्तरखान्यात आहेत. त्यांतील मराठी तमिळ शब्दांनी भरलेली आहे. छत्रांचे हिशेब, नोकरांचे रोजमुरे, औषधांचे सामान, देवळांच्या नेमणुका, गवयांना दिलेल्या शालजोड्या, असा त्यातला मजकूर. शिलालेखात राजे आहेत; रुमालांत आपण सारे आहोत. मोडी वाचणारे दर पिढीत कमी होत चालले आहेत, आणि ज्यांच्या पूर्वजांची नावे त्यांत आहेत त्यांची नातवंडे आज बंगळूर, हैदराबाद, दिल्ली व त्याहूनही दूर पांगली आहेत.

आरंभी सांगितलेल्या आमच्या घरच्या समजुतीचे काय झाले, ते सांगून लेखणी ठेवतो. काही वर्षांपूर्वी काशीस गेलो असता आमच्या उपाध्यायांनी जुनी वही काढली. सरफोजी राजांच्या यात्रेच्या सुमाराची एक नोंद आमच्या कुळाची निघाली. मुक्काम तंजावर; त्याखाली तीन पिढ्यांची नावे; आणि आजोबांच्या नावापुढे साताऱ्याकडील एक गाव, तेच त्यांचे राहते गाव म्हणून. हिशेब सरळ होता. आजोबा साताऱ्याकडे होते, म्हणजे आमचे घर तंजावरास आले ते फार तर तुळजाजींच्या अमदानीत, एकोजींच्या मागाहून शंभर वर्षांनी. आणि नोंद लिहिणाऱ्याचे वळण पाहता तलवार घेऊन नव्हे, तर बोरू घेऊन.

परत आल्यावर आम्ही नोंदीची नक्कल थोरल्या आत्यांपुढे ठेविली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. साताऱ्याकडच्या त्या गावाचे नाव त्यांनी लहानपणी आपल्या आजीच्या तोंडून, कुलधर्माच्या दिवशी देवीला नारळ ठेवताना, ऐकले होते. ते गाव असेल हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते, त्यांना ते देवीचेच एक नाव वाटत असे. एकोजींविषयी त्या काही बोलल्या नाहीत. नक्कल घडी करून त्यांनी देवघरातील पोथीत ठेविली, आणि दुसऱ्या दिवशी आम्हांस विचारले, की त्या गावास आगगाडी जाते का.